सब ऑफिसरसाहेब, ब्रांच खाली ठेवा: या चुका टाळा

अग्निशमन दलातला नवीन सब ऑफिसर पहिल्या मोठ्या वर्दीला, म्हणजे आगीच्या कॉलला, हमखास एक चूक करतो: बंबातून उतरला की स्वतःच ब्रांच, म्हणजे पाण्याच्या होजचं तोंड, धरतो. बघणाऱ्यांना वाटतं, साहेब धाडसी. मला संताप येतो.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्याला आग लागली होती. साहेब ब्रांच घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये शिरले. दुसरा बंब कुठं लावायचा हे सांगायला बाहेर कुणीच नाही, तो फाटकातच उभा राहिला आणि मागचा टँकर रस्त्यावर अडकला. मागच्या दारानं दोन फायरमन बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) लावून आत गेलेत, हे फक्त पंपावरच्या माणसाला ठाऊक. "साहेब कुठंयत बे?" एवढाच ओरडा. एकाच्या सेटची, हवा संपत आल्याची शिट्टी वाजली तेव्हा दोघं भिंत चाचपत बाहेर आले. बाहेर त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं.

मी आधी इमारतीला पूर्ण चक्कर मारतो आणि वॉचमनला विचारतो, "रात्री आत झोपायला कोण असतं?" ड्युटीवर कोण, एवढं विचारून भागत नाही, आपल्याकडं कारखान्यातच कुटुंबं राहतात. बीए घालणाऱ्याची टॅली (नावाचा बिल्ला), सिलिंडरचं प्रेशर आणि आत गेल्याची वेळ नोंदल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बारला १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरली तर कागदावर ४५ मिनिटं. होज ओढणारा, धापा टाकणारा माणूस ती फार लवकर संपवतो. शिट्टी वाजायच्या आत माणूस दाराबाहेर हवा.

दुसरी चूक घाईची. ज्वाळा दिसेनाशा झाल्या की "चला, आटपलं". सुताची गाठ, म्हणजे बांधलेला गठ्ठा, बाहेरून भिजते, आत धुमसतच राहते. १९४४ साली मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गाठींनी पेट घेतला होता; पाण्याचा मारा चालू असताना आगीचं मूळ सापडलं नाही आणि शेजारची स्फोटकं उडाली. गाठी अंगणात ओढून फोडा, हाताची पालथी बाजू जवळ नेऊन धग बघा. होजची एक लाईन पाण्यानं भरलेली ठेवून माणसं थांबवा. वरच्या मजल्यावर गाठी असतील तर पाणी पिऊन त्यांचं वजन किती वाढतं, ते स्लॅबखाली माणूस उभा करण्याआधी आठवा.

गर्दीसमोर फायरमनला शिव्या देऊ नका.

वायरलेसवर "आग मोठी आहे" म्हणू नका; काय जळतंय, आत कोण आहे, किती टँकर हवेत ते सांगा.

१४ एप्रिलला, त्या स्फोटाच्या दिवशी, गोदीतल्या शहीद अग्निशमन जवानांना मानवंदना द्यायची आणि १५ तारखेला सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडून हवा न बघताच बीए तपासणीच्या वहीवर सही ठोकायची, हे तर अजिबात चालणार नाही.