जूनच्या आधी हॉस्टेलवर काय काय लावून ठेवायचं

यंदा ज्यांच्याकडे निवासी शाळेतलं वेलबीइंगचं, म्हणजे पोरांच्या मनाच्या आणि शरीराच्या आरोग्याचं, काम पहिल्यांदाच आलंय त्यांच्यासाठी लिहितेय. आपल्या सातारा-सांगलीकडे शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, म्हणजे खरं काम एप्रिल-मेमध्ये, पोरं घरी सुट्टीवर असतात तेव्हाच करायचं असतं. बहुतेक जण सुरुवात कॅलेंडरपासून करतात, २१ जूनला योग दिन, मग कुणाचं तरी व्याख्यान, १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन, पोस्टर स्पर्धा, फोटो, अहवाल. ते सगळं करा, पण शेवटी करा. आधी एक कोरा कागद घ्या आणि संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत हॉस्टेलवर कोण कोण असतं ते तासातासाने लिहून काढा, कारण पोरगं रडतं, तापाने फणफणतं, मोठ्यांचा मार खातं किंवा त्याच्या डोक्यात नको ते विचार येतात ते बहुतेक याच वेळात, आणि तेव्हा मुख्याध्यापक, शिक्षक, काउन्सेलर सगळे आपापल्या घरी असतात.

कागदावर सहसा तीन-चारच माणसं निघतात, रेक्टर, मेसच्या मावशी, वॉचमन मामा, कुठे एखादी नर्स. मे संपायच्या आत या सगळ्यांचं ट्रेनिंग लावा, आणि पगारी दिवस धरून लावा, सुट्टीच्या दिवशी फुकट बोलावून नको. शिकवायचं फार नसतं. पोरगं काही सांगायला लागलं तर हातातलं काम ठेवून ऐकायचं, "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, उलटतपासणी करायची नाही, आणि सकाळची वाट न बघता त्याच रात्री तुम्हाला फोन करायचा. मावशींना हमखास वाटतं की आपण शिकलेल्या नाही, आपल्याला काय कळतंय यातलं. त्यांना स्पष्ट सांगा की कोण दोन दिवस जेवलं नाही हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढलं तेव्हा वेगवेगळ्या जातीची पोरं एका पंगतीत जेवत होती आणि त्यांच्या पोटापाण्याचं लक्ष्मीबाई बघत होत्या, दाणागोटा संपला तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. तेव्हा मेसमधल्या बाईला या कामात मधोमध जागा द्यायची ही आपल्या मातीतलीच पद्धत आहे.

याच ट्रेनिंगमध्ये पोक्सोचं एक पान मराठीत छापून प्रत्येकाच्या हातात द्या. २०१२ च्या या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. "आधी आपल्यात चौकशी करू, संस्थेचं नाव जाईल" ही वाक्यं कुठल्याही मीटिंगमध्ये निघतात, तेव्हा ते पान पुढे सरकवायचं आणि पोलीस स्टेशनला फोन लावायचा. स्टाफची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सीसीटीव्ही हे २०२४ च्या ऑगस्टमधल्या शासन निर्णयात आहेच, पण पेटी कुठे लावताय ते बघा, रेक्टरच्या खिडकीसमोर लावलेल्या पेटीत कोण चिठ्ठी टाकणार. पाण्याच्या टाकीकडे जाताना लागते तशी जागा बघा आणि किल्ली हॉस्टेलबाहेरच्या माणसाकडे ठेवा.

काउन्सेलरचं बोलायचं तर सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये ज्या गाइडलाइन्स दिल्या त्यात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर हवा असं आहे, स्टाफचं ट्रेनिंग वर्षातून किमान दोनदा हवं, हॉस्टेलच्या गच्चीवर मोकाट जाता येऊ नये, पंखे सुरक्षित हवेत, हेही आहे. पाचगणीच्या मोठ्या शाळांना हे अवघड नाही, जतकडच्या किंवा पाटणच्या छोट्या वसतिगृहाला आहे. मग निदान सोय बांधून ठेवा, साताऱ्यात सिव्हिल, सांगलीकडे मिरजेचं शासकीय मेडिकल कॉलेज, तिथल्या मानसोपचार विभागात मे महिन्यात स्वतः जाऊन ओपीडीचे वार विचारून या, तोंडओळख असली की रात्री अकराला फोन करताना जीभ अडत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हे दोन्ही नंबर फुकट आहेत, पोरांना दिसतील असे मोठ्या अक्षरात लिहा, आणि मुख्य म्हणजे हॉस्टेलचा फोन पोरगं एकटं उभं राहून करू शकेल अशा ठिकाणी ठेवा. काउन्सेलरची खोली मुख्याध्यापकांच्या केबिनशेजारी देऊ नका, तिथे जाताना सगळी शाळा बघते आणि मग कुणी जात नाही. लायब्ररीच्या मागची खोली बरी.

हॉस्टेलचा एक फेरफटका फक्त धोक्याच्या नजरेने मारा. गच्चीचं दार, विहीर, औषधांचं कपाट हे सगळे बघतात. आपल्याकडे अजून एक असतं. तासगाव-पलूस पट्ट्यात हॉस्टेलला लागून द्राक्षबाग असते, संस्थेचीच शेती असते, आणि फवारणीची औषधं उघड्या शेडमध्ये पडलेली असतात. त्या शेडला कुलूप आणि किल्ली एकाच माणसाकडे, यावर अजिबात तडजोड नको, शेतीवाल्यांना कितीही गैरसोय होऊ दे.

ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये वेलबीइंगचं वेगळं पान घाला आणि ते फीच्या रांगेत भरून घेऊ नका, वेगळी खोली, दोन खुर्च्या, दहा मिनिटं. यापूर्वी कधी घराबाहेर राहिलंय का, झोपेत अंथरूण ओलं होतं का, झोपेत चालतं का, दमा, फिट, रोजची गोळी, घरात वर्षभरात कुणी गेलंय का, आईवडील एकत्र राहतात का, फोन कुणाला करायचा. अंथरूण ओलं होतं हे आई पोराच्या वडिलांसमोर सांगत नाही, मग पोरगं पहिल्याच आठवड्यात सगळ्या डॉर्मसमोर उघडं पडतं आणि पुढची सगळी वर्षं त्याला त्यावरून चिडवतात. आधी माहीत असलं तर खालचा बेड, बाथरूमजवळची जागा, रबरी शीट आणि पहाटे मामांनी हळूच उठवणं, एवढ्यावर भागतं. पालक कुठे असतात हेही नीट विचारा. विटा-खानापूर-आटपाडीकडच्या कितीतरी घरांतली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात देशभर पांगलीत, जावळी-पाटणची मुंबईला, त्यांना "दर रविवारी भेटायला या" म्हणून उपयोग नाही. त्यांच्या पोरांसाठी दुकान बंद झाल्यावरची फोनची वेळ ठेवा, व्हिडिओ कॉल असला तर फारच चांगलं.

आता पहिले दोन-तीन आठवडे, आणि त्यातही रविवार. सकाळी गेटवर गर्दी, डबे उघडतात, शेंगदाण्याची पोळी, कुणाकडे मटण-भाकरी, झाडाखाली सतरंज्या, पोरं हसतखेळत असतात आणि बघणाऱ्याला वाटतं झालं, रुळली सगळी. संध्याकाळी शेवटची एसटी गेली की चित्र बदलतं. पाचवीतलं एखादं पोरगं लाडवाचा डबा उशाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपतं, लाडू खात नाही आणि कुणाला हातही लावू देत नाही, का तर डब्यावर आईच्या हाताने टाकलेलं नाव असतं. त्याला "रडू नकोस, मोठा झालास ना" म्हणायचं नाही हे रेक्टरला आधीच सांगून ठेवा, शेजारी बसून डबा कुणी केला, लाडू कशाचे आहेत एवढं विचारलं तरी पोरगं बोलायला लागतं. रविवारी संध्याकाळी सहा ते नऊ हा वेळ तुमच्या वेळापत्रकात सगळ्यात जास्त माणसं असलेला वेळ हवा. खेळ लावा, कॅरम काढा, जेवणात पोरांच्या आवडीचं काहीतरी ठेवा, अभ्यासिका त्या दिवशी नको. आणि भेटीला ज्यांचं कुणीच आलं नाही त्यांची यादी त्याच दुपारी करा, त्यांच्याकडे वेगळं लक्ष लागतं. घरची आठवण येणं हा आजार नाही, बहुतेक पोरं काही आठवड्यांत सावरतात, पण जेवण तुटलं, झोप तुटली, रोज पोटात दुखायला लागलं तर वाट बघत बसू नका.

जुलै आला की पाऊस. साताऱ्याच्या वरच्या अंगाला, मेढा-पाचगणी-महाबळेश्वरकडे, आठवडाच्या आठवडा ऊन दिसत नाही आणि कपडे वाळत नाहीत. ओली चड्डी घालून पोरं दिवस काढतात, मग गजकर्ण, मग रात्रभर खाजवणं, मग झोप नाही, मग वर्गात पेंगणं आणि शिव्या. हे मानसिक आरोग्याचंच काम आहे, दुसऱ्या कुणाचं समजू नका. वाळवणाची खोली, मोठे पंखे, प्रत्येकाला जास्तीचे आतले कपडे, हे मेच्या बजेटमध्ये टाका. मेडिकलमधून कुठलंही मिक्स मलम आणून लावू नका, त्यात स्टेरॉइड असतं आणि गजकर्ण चिघळतं. खरूज एकाला निघाली तर डॉक्टरांना बोलावून अख्ख्या डॉर्मला एकाच दिवशी औषध, चादरी-कपडे त्याच दिवशी गरम पाण्यात, आणि त्या पोराचं नाव कुठेही घ्यायचं नाही.

झोपेसाठी मात्र भांडावं लागेल. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे पाचला पीटी आणि रात्री साडेदहापर्यंत अभ्यासिका असेल तर हिशोब तुम्हीच करा, आणि तो हिशोब मुख्याध्यापकांसमोर कागदावर ठेवा. संस्थाचालक म्हणतील आम्ही असेच घडलो. त्यांच्याशी वाद न घालता एक सत्र अभ्यासिका साडेनऊला बंद करून बघू, चाचणीचे मार्क बघू, असं म्हणा. मी तरी यावर मागे हटायला तयार नाही.

मुलींच्या हॉस्टेलवर पॅड मागावे लागू नयेत, बाथरूममध्येच ठेवलेले असावेत, आणि टाकायची सोय असावी. आठवड्याची लोहाची गोळी जेवणानंतर, उपाशीपोटी दिली तर मळमळतं आणि पुढच्या वेळी कुणी घेत नाही. मोठ्या मुलांकडे छोट्यांची जबाबदारी देताना शिक्षा करायचा अधिकार अजिबात देऊ नका, रॅगिंगविरोधी कायदा आपल्याकडे १९९९ पासून आहे, तोही वाचून दाखवा.

दिवाळीची सुट्टीही याच यादीत घ्या. बॅगा भरायच्या आठवड्यात सगळं हॉस्टेल आनंदात असतं, तेव्हा कोण गप्प झालंय ते मावशींना बघायला सांगा. एखाद्या मुलीला घरी जायचंच नसतं आणि ती कारण सांगत नाही. तिला घाईने एसटीत बसवू नका, आधी काउन्सेलरने एकटीशी बोलायचं, आणि घरातच धोका आहे असं दिसलं तर पोलीस आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती. या समितीचा पत्ता आणि फोन नंबर मे महिन्यातच ऑफिसच्या भिंतीवर लावून ठेवा, ऐन दिवाळीच्या तोंडावर तो शोधत बसायला वेळ नसतो.