स्कोल्सचा खेळ बघायचा कसा

आधी ते गोलांचे व्हिडिओ-तुकडे बंद करा. मधल्या फळीतला इंग्लिश फुटबॉलपटू पॉल स्कोल्सने मँचेस्टर युनायटेडसाठी 718 सामन्यांत 155 गोल मारले, ते पळून जात नाहीत. एक अख्खा सामना घ्या. मी आमच्या पोरांना 29 एप्रिल 2008 चा देतो: युनायटेडचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड, समोर बार्सिलोना, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी.

आता कागद-पेन्सिल. बॉल त्याच्याकडे यायच्या आधीचे चार-पाच सेकंद अर्ध्या वेगाने लावा आणि नजर त्याच्या मानेवर ठेवा. मान वळली की एक रेघ. तांबडे केस, पाठीवर 18, सापडतो लगेच. कॅमेरा बॉलमागे धावतो, त्यामुळे कधी कधी हा ऐनवेळी पडद्यात येतो. तेव्हा तो पास सोडा, पुढचा धरा. दहा पासांत तुम्हाला कळेल की बॉल पायाशी येईपर्यंत तो कुठे द्यायचा हे याचं ठरलेलं असतं. पाच फूट सात इंच उंची, धाव बेताची, त्यात दमा. आगाऊ बघितलं नसतं तर त्या पातळीवर टिकला असता का? (दमा मलाही आहे, म्हणून थोडा पक्षपात.) मी मिडफिल्डला खेळायचो तेव्हा बॉल आला की मग मान वर करायचो. तोवर पाठीत कोपर बसलेलं असायचं.

चौदाव्या मिनिटाला बार्सिलोनाच्या झांब्रोटाने बॉल नीट बाहेर काढला नाही आणि स्कोल्सने लांबून जाळ्यात घातला. सामन्यातला एकमेव गोल. इथे टाळ्या वाजवा, पण रेघा मारणं थांबवू नका.

मग बघा मार्च 2000 मधला ब्रॅडफर्डविरुद्धचा गोल. बेकहॅम कॉर्नर घेतोय, गोलसमोर ही झुंबड आणि स्कोल्स पेनल्टी पेटीबाहेर एकटा, जणू त्याचा काही संबंध नाही. बॉल हवेतून थेट त्याच्याकडे, आणि जमिनीला न टेकता आत. मी पोरांना बॉल उडायच्या आधीच थांबवून विचारतो, ‘तो तिथे का उभा आहे?’

त्याचं टॅकलिंग, म्हणजे समोरच्याच्या पायातला बॉल काढणं, मात्र शिकू नका. पाय उशिरा पडायचा, कार्ड मिळायचं. 1999 ला युव्हेंटसविरुद्धच्या उपांत्य सामन्यातल्या कार्डापायी बार्सिलोना शहरात झालेला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना त्याला बाहेर बसून बघावा लागला.

इंग्लंडचे 66 सामने घाईत उरकले तरी चालेल. 2004 च्या युरो स्पर्धेत त्याला डावीकडे ढकललं होतं. मधल्या माणसाला कडेला उभं केल्यावर काय होतं, तेवढ्यापुरतं बघा. त्यानंतर त्याने देशाकडून खेळणं सोडलं.

शेवटी 8 जानेवारी 2012, मँचेस्टर सिटीविरुद्ध एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा. मे 2011 ला निवृत्त झालेला हा माणूस गुपचूप परतला, बातमी फुटू नये म्हणून दुकानातून चाळीस पौंडांचे बूट घेऊन. नंबर आता 22. दुसऱ्या अर्धात तो मैदानात येतो, तिथून पुन्हा नवा कागद घ्या. वय 37, सहा-सात महिन्यांची विश्रांती. पायांना गंज चढलाय, एखादा पास चुकतोही. मानेच्या रेघा तेवढ्या मोजा आणि 2008 च्या कागदाशेजारी ठेवा.