दहा-पंधरा वर्षं जुनी वॅगन-आर: घेताना काय बघायचं आणि घेतल्यावर आधी काय बदलायचं

"सिंगल हँड, 42 हजार रनिंग, कंडिशन एक नंबर." जुन्या गाडीच्या जाहिरातीत किलोमीटर मोठ्या अक्षरात आणि वर्ष बारीक अक्षरात असतं. गाडी दहा वर्षांच्या पुढची असेल तर उलटं वाचायचं. इंजिन, गिअरबॉक्स चालवल्याने झिजतात, पण रबर, प्लास्टिक, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि ब्रेक ऑइल नुसत्या उभ्या गाडीतही खराब होतात. बारा वर्षांत 42 हजार चाललेल्या गाडीचे होज पाइप, बूश (सांध्यातली रबरं), टायर बारा वर्षांचेच असतात. इथे उदाहरणाला 2010 ते 2018 मधली मारुती वॅगन-आर घेतली आहे, कारण पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात आणि तिचं काम कुठल्याही गॅरेजला येतं. बहुतेक गोष्टी त्या काळातल्या इतर छोट्या गाड्यांनाही लागू पडतात.

2010 ला आलेल्या मॉडेलमध्ये 998 सीसीचं तीन सिलिंडरचं के-10 इंजिन आहे आणि त्याला टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारी साखळी) आहे. त्याआधीच्या वॅगन-आरमध्ये 1061 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि चेनऐवजी टायमिंग बेल्ट होता. ती जुनी गाडी घेत असाल आणि बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मालकाकडे नसेल, तर बदललेलाच नाही असं धरून चाला आणि तो पहिल्याच आठवड्यात टाकून घ्या.

आधी कागद

गाडी बघायला जाण्यापूर्वी नंबर मागून घ्या आणि एम-परिवहन ॲपवर टाका. नोंदणीची तारीख, आरसीची मुदत, इंधन, विमा आणि बँकेचा बोजा तिथे दिसतो. ई-चलन वेगळं तपासा. मागच्या मालकाचे दंड गाडीच्या नंबरावर असतात आणि ते नंतर तुमच्या वाट्याला येतात. बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका. "कर्ज कधीच फिटलंय" एवढ्या शब्दावर बोजा उतरत नाही.

सीएनजी किट असेल तर आरसीवर पेट्रोल/सीएनजी अशी नोंद हवीच. बाहेरून बसवलेलं आणि नोंद नसलेलं किट म्हणजे अपघातात विमा अडकण्याची पक्की सोय.

व्यवहार ठरला की मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि फॉर्म 30 भरून त्याच दिवशी सह्या घ्या. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. विमाही 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा. मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची विम्यातली सूट) त्याचाच राहतो, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. ती सौद्यातच धरा.

गाडी थंड असताना बघा

विकणाऱ्याला आधीच सांगा: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. जुन्या इंजिनाच्या खऱ्या तक्रारी पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकू येतात आणि गरम इंजिन त्या लपवतं.

थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडा. आत रंगीत, स्वच्छ कूलंट हवं. गढूळ, तांबूस पाणी दिसलं तर वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी भरलं गेलंय. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधी मळ दिसला तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या-खालच्या भागांमधलं सील) गेल्याचा संशय धरा. फक्त जवळपास चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यात थोडा मळ धरतो. तो आणि कूलंट कमी होणं दोन्ही एकत्र असेल तर मात्र ती गाडी सोडून द्या.

आता चालू करा. सेकंदभराची खडखड चालते. इंजिन गरम होईपर्यंत टिकली तर चेन आणि ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं काम आहे. सुरू होताना निळसर धुराचा एक भपकारा आला तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत. चालवताना, पिकअप देताना सतत निळा धूर असेल तर खर्च मोठा आहे. एसी लावून गाडी उभीच ठेवा, निदान वीस मिनिटं. रेडिएटर फॅन चालू-बंद होताना ऐकू आला पाहिजे. तीन सिलिंडरचं इंजिन थोडं थरथरतंच, पण स्टिअरिंग आणि दार दणाणत असेल तर इंजिन माउंटिंग गेलीत.

क्लच तपासायला सपाट, मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. बंद न पडता गुरगुरत राहिलं तर क्लच सरकतोय. ही चाचणी एकदाच करा. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरीचा मोठा भाग तिथेच जातो, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र टाकायचे.

पत्र्यासाठी साधं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून न्या. जिथे लांबी (पुट्टी) भरली आहे तिथे ते चिकटत नाही. बॉनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टचा रंग उडाला असेल तर ते पार्ट उघडले गेलेत. फक्त फेंडर बदललं असेल तर फार बिघडत नाही. आतल्या चेसिसच्या पट्टीवर वेल्डिंग दिसलं तर गाडी नको.

पुरात बुडालेली गाडी ओळखणं महाराष्ट्रात वेगळं शिकावं लागतं. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या, आणि धुऊन-पुसून झालेली गाडी पुन्हा बाजारात येते. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारा माणूस दिसतो तेवढाच पट्टा धुतो. रिळात गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ तशीच राहते. मग सीटचे रूळ, कार्पेटखालचा पत्रा, स्टेपनीचा खड्डा आणि डॅशबोर्डखालचे वायरचे जोड बघा. गंज आणि बारीक कोरडा गाळ एकत्र सापडला की बोलणी थांबवा. अशा गाडीचे वायरिंगचे दोष कुठल्याही गॅरेजला कायमचे काढता येत नाहीत.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात

गाडीच्या किमतीच्या साधारण 15 ते 20 टक्के रक्कम बाजूला ठेवूनच गाडी घ्या. हे पैसे सीट कव्हर, टेप आणि पॉलिशवर घालवू नका. आधीच्या मालकाने काय केलं हे शोधत बसण्यापेक्षा सगळी तेलं-पाणी एकदा नव्याने भरली की पुढचा हिशोब तुमच्या हातात येतो.

इंजिन ऑइल आणि फिल्टर: 5डब्ल्यू-30 ग्रेडचं ऑइल, 3 लिटरचा डबा पुरतो. सगळा डबा एकदम ओतू नका. डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ थांबा. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. ऑइल जळतंय का हे कळेपर्यंत दर रविवारी, सपाट जागी, थंड इंजिनावर डिपस्टिक बघा. तिन्ही स्पार्क प्लग एकदम नवे टाका. एअर फिल्टर बदला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ करून घ्या. सिग्नलला गाडी बंद पडण्याची निम्मी तक्रार तिथेच सुटते.

कूलंटचं काम मात्र घाईने उरकू देऊ नका. जुनी गाडी बहुतेक वेळा गरम होऊनच मरते, आणि कारण पाच-पन्नास रुपयांच्या रबरातलं असतं. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटर रिकामा करा. साधं पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन तापवा, थंड होऊ द्या, पुन्हा काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करा आणि शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा मारा. मग तयार मिसळलेलं कूलंट भरा, किंवा घट्ट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. भरताना झाकण उघडं, हीटर चालू, इंजिन आयडलवर; बुडबुडे थांबले की झाकण लावा. पुढचे तीन दिवस सकाळी रिझर्व्ह टाकीतली पातळी बघा, कारण अडकलेली हवा हळूहळू निघते आणि पातळी खाली जाते. रंगावरून कूलंट निवडू नका आणि दोन प्रकार मिसळू नका.

याच वेळी वरचा-खालचा होज आणि रेडिएटर कॅप बदला. होज बोटांनी दाबून बघा: कडक आणि चिरलेला किंवा लोण्यासारखा मऊ, दोन्ही टाकाऊ. कॅपचं रबर सैल झालं की दाब धरत नाही, पाणी कमी तापमानाला उकळतं, रिझर्व्ह टाकीत जातं आणि परत येत नाही. अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या खाचेत) बसणारा ब्लूटूथ स्कॅनर काही शे रुपयांत मिळतो आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान दाखवतो. घाट चढताना आकडा 105 च्या पुढे सरकू लागला तर एसी बंद करा, हीटर लावा आणि सुरक्षित जागी थांबा. झाकण लगेच उघडायचं नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी. पुढच्या चाकांकडे जाणारे रबरी ब्रेक होज वाकवून बघा, चिरा दिसल्या तर जोडीने बदला. मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडरची रबरी टोपी थोडी उचलायला सांगा. आत ओलं असेल तर लायनर बदलून उपयोग नाही, आधी सिलिंडर.

टायरवर चार आकड्यांचा कोड असतो. 2318 म्हणजे 2018 सालचा 23 वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सात-आठ वर्षांच्या पुढचे टायर एक्स्प्रेसवेवर नेऊ नका. खड्ड्यातून जाताना खट्खट् आवाज येतो तो बहुधा सस्पेन्शनमधल्या लिंक रॉड किंवा लोअर आर्मच्या बूशचा. शॉकअप बदलायला सांगितलं तरी हे दोन्ही आधी हलवून बघा, खूप स्वस्तात काम होतं. बूश बदलल्यावर अलाइनमेंट करायचीच.

बॅटरी मल्टिमीटरवर: रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. चालू इंजिनावर आकडा कमी असेल तर नवी बॅटरी घेऊन फायदा नाही, अल्टरनेटर आणि बेल्ट बघा. एसीचा गॅस आपोआप संपत नाही. दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून देणाऱ्याकडे जाऊ नका. नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधणारा गाठा.

पावसाळा आणि इंधन

मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, दारांच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा. काचेखालच्या जाळीतला पाला काढा, नाहीतर पाणी केबिनमध्ये उतरतं. कोकणात, विशेषतः खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीचा खालचा पत्रा आतून सडतो. अंडरकोटिंग करायचं तर आधी धुऊन, पूर्ण वाळवून, गंज घासून, प्रायमर मारून. गंजावर थेट काळा कोट मारला की ओल आत कोंडते आणि पत्रा जास्त लवकर जातो.

पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. ॲव्हरेज थोडं कमी होणार, हे धरून चाला. खरी नजर इंधनाच्या रबरी पाइपांवर आणि ओरिंगवर ठेवा: दर सर्व्हिसला ओलावा, फुगवटा, पेट्रोलचा वास बघा. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका.

सीएनजी असेल तर टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करून त्या टेस्टची प्लेट बदलून घ्या. पेट्रोलची टाकी मात्र पाव भागाखाली उतरू देऊ नका आणि आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवा. कोरडा पडलेला पेट्रोल पंप आणि चिकटलेले इंजेक्टर हा सीएनजी गाड्यांचा नेहमीचा खर्च आहे.

पंधरा वर्षं झाल्यावर

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. दिल्लीच्या नियमाची भीती दाखवून इथली गाडी कवडीमोलात मागणारे भेटतात. पेट्रोल गाडी 15 वर्षांनी रस्त्यावरून काढायची ती सक्ती दिल्ली परिसरापुरती आहे. मुदत संपण्याच्या आधीच्या 60 दिवसांत फॉर्म 25 भरा. 2022 पासून कारची फी 5,000 रुपये आहे, शिवाय पर्यावरण कर. 20 वर्षांच्या पुढच्या गाडीला 2025 पासून 10,000 रुपये. उशीर झाला तर महिन्याला 500 रुपये दंड चढतो. जाताना विमा, पीयूसी आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट तयार ठेवा, सगळे दिवे, हॉर्न, वायपर आणि हँडब्रेक चालू करून बघा.

नूतनीकरणाआधी गाडी रॅम्पवर चढवून सस्पेन्शन जिथे चेसिसला जोडलेलं असतं तिथला आणि जॅक लावायच्या जागेचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचा. इंजिन, क्लच, एसी सगळं दुरुस्त होतं; स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर त्या गाडीवर आणखी पैसे घालू नका. मोडीत काढायची तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथे गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि नवी गाडी घेताना ते उपयोगी पडतं. आरसी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत सगळ्या पावत्या जपून ठेवा.