तब्येत ठणठणीत आहे, वय विशी-तिशीतलं, मग चेकअप करायचं की नाही?

काही त्रास नाही, कसल्या गोळ्या चालू नाहीत, तरी कोणीतरी सांगतंच की वर्षातून एकदा फुल बॉडी चेकअप करून टाक. माझं स्पष्ट मत आहे की दरवर्षी सत्तर-ऐंशी टेस्टचं पॅकेज घ्यायची गरज नाही, पण दोन-चार गोष्टी मात्र खरंच वेळच्या वेळी बघायला हव्यात आणि नेमक्या त्याच राहून जातात.

आधी पॅकेज का नको ते बघू. 2019 मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, अशा सरसकट तपासण्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, अडीच लाख माणसं होती त्यात, आणि ज्यांना चेकअपला बोलावलं आणि ज्यांना नाही बोलावलं त्यांच्या मृत्यूच्या प्रमाणात जवळपास काहीच फरक पडला नाही. शिवाय रिपोर्टवरची नॉर्मल रेंज कशी ठरते बघा, निरोगी लोकांपैकी मधल्या 95 टक्के लोकांचे आकडे जिथे बसतात ती बहुतेकदा रेंज धरतात, म्हणजे 100 ठणठणीत माणसांत 5 जण बाहेर जाणारच! एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 टेस्ट एकदम केल्या तर एखादी तरी बाहेर येण्याची शक्यता 64 टक्के. मग तो ठळक छापलेला आकडा बघून झोप उडते, परत रक्त द्या, सोनोग्राफी करा, आणि शेवटी काही निघत नाही. कधी निघतं ते जास्तच वाईट, दक्षिण कोरियात चेकअपसोबत गळ्याची सोनोग्राफी सर्रास व्हायला लागली आणि 2011 मध्ये थायरॉईड कॅन्सरचं निदान 1993 च्या 15 पट झालं, पण त्या कॅन्सरने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. म्हणजे कितीतरी लोकांची ग्रंथी विनाकारण काढली गेली आणि गोळी आयुष्यभराची लागली.

आता करायचं काय, तर पहिलं बीपी. 18 नंतर दर 3 ते 5 वर्षांनी पुरतं, वजन जास्त असेल किंवा मागच्या वेळी बीपीचा वरचा आकडा 130 किंवा त्याहून जास्त आला असेल तर दरवर्षी. पण नीट मोजा, धापा टाकत जिना चढून गेल्या गेल्या नाही. आधी अर्धा तास चहा-कॉफी-सिगारेट नको, लघवी करून घ्या, 5 मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, कफ उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. एक-दोन मिनिटांनी परत मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा.

दुसरं म्हणजे घरात कोणाला काय झालंय ते विचारा, याला पैसे लागत नाहीत आणि याच्याइतकी उपयोगी टेस्ट नाही. वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत, आईला किंवा बहिणीला 65 च्या आत हार्ट अटॅक आला असेल तर डॉक्टरांना सांगून कोलेस्टेरॉल आत्ताच बघून घ्या, कारण जन्मतःच कोलेस्टेरॉल जास्त असण्याचा प्रकार साधारण 250 माणसांत एकाला असतो आणि वरून काही कळत नाही. डायबिटीस, आतड्याचा किंवा स्तनाचा कॅन्सर घरात असेल तर तेही सांगा, कोणत्या वयात झाला ते सुद्धा.

मुलींनो, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी टाळू नका, काही देशांत 21 पासून, काहींत 25 पासून, जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारणपणे 30 पासून म्हणते, तुमच्याकडे काय नियम आहे ते डॉक्टरांना विचारा. एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची, लस राहिली असेल तर तेही विचारा, मुलांनी पण. एचआयव्ही टेस्ट आयुष्यात एकदा तरी करावी, त्यात लाजायचं काही नाही.

आणि हे सगळं काही त्रास नसेल तरच. वजन आपोआप उतरतंय, शौचातून रक्त जातंय, गाठ लागतेय, तहान फार लागतेय, कित्येक आठवडे मन कशातच लागत नाहीये, तर वय बघत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा, चेकअपचं पॅकेज नाही. जाताना जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन जा, जिमच्या पावडरी आणि आयुर्वेदिक चूर्णासकट.