कुत्रा सतत खाजवतो, पंजे चाटतो, तेव्हा

आधी खाज नेमकी कुठे आहे ते पाहा. शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर असेल तर पहिला संशय पिसवांवर घ्या. बारीक दातांच्या फणीने केस विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणांभोवती लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठाच. औषध वजनानुसार डॉक्टरांकडून घ्या आणि किमान 3 महिने चालू ठेवा. फरशीच्या फटींत, अंथरुणात पिसवांचे कोष टिकून असतात. एका डोसावर थांबलात की पिसवा परत येतात. घरातल्या बाकीच्या कुत्र्या-मांजरांनाही औषध हवंच, पण कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. काही औषधांत असलेलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराचा जीव घेऊ शकतं.

पंजे चाटून बोटांमधली जागा तपकिरी झाली, आंबूस वास येऊ लागला, तर बहुधा यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढलंय. पावसाळ्यात हे फार दिसतं. फिरून आल्यावर पंजे धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन-मायकोनाझोलचा शॅम्पू दिला असेल तर फेस 10 मिनिटं अंगावर राहू द्या. बहुतेक जण इथेच घाई करतात, मग औषध लागूच पडत नाही.

रॉकेल, कापूर, डेटॉल कृपा करून लावू नका. कुत्रा ते चाटतो आणि विषबाधा होते.

बारमाही खाज, सोबत कानदुखी असेल तर अन्नाची ॲलर्जी तपासा: सलग 8 आठवडे एकच प्रथिन द्या, तेही त्याने आधी कधीच न खाल्लेलं; दुसरं काही नाही, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. जखम ओली झाली, पू आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.