घरातली जुनी गाडी शोधताय? या चुका टाळा

वडिलांनी विकलेली, आजोबांनी कुणाला देऊन टाकलेली, काकांच्या नावावर असलेली गाडी आज कुठे असेल, हा प्रश्न बहुतेकांना फार उशिरा पडतो. आणि एकदा पडला की दम धरवत नाही. त्याच रात्री एक अंधुक फोटो काढायचा, खाली 'ही गाडी कोणी पाहिली आहे का?' असं लिहायचं आणि ओळखीपाळखीत सगळीकडे पाठवून द्यायचं. उत्तरं खूप येतात, पण त्यातलं कामाचं क्वचितच एखादं असतं. कारण ज्या एका गोष्टीवरून गाडी ओळखता येते, ती त्या फोटोत नसते. ती घरातल्या कागदांत असते, आणि कागद शोधायला कुणी बसत नाही.

नंबर प्लेटच्या मागे धावणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. गाडीचा नंबर सगळ्यांना तोंडपाठ असतो, त्यामुळे तीच गाडीची ओळख असं वाटतं. पण प्लेट ही त्या त्या देशाच्या नियमांप्रमाणे बदलणारी गोष्ट आहे. फ्रान्समध्ये २००९ पर्यंत गाडी दुसऱ्या जिल्ह्यात गेली की नंबर बदलायचा. जर्मनीतही जिल्हा बदलला की नवी प्लेट घ्यावी लागे; जुनी कायम ठेवण्याची मुभा देशभर मिळाली ती २०१५ पासून. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गाडी विकली तरी प्लेट मालकाकडेच राहते. ब्रिटनमध्ये नंबर सहसा गाडीबरोबर जातो, पण तिथे छोटे, जुने नंबर स्वतंत्रपणे विकले जातात, आणि मग त्या गाडीला तिच्या वयाला साजेसा दुसरा नंबर मिळतो. म्हणजे गाडी धडधाकट रस्त्यावर फिरत असते आणि तुम्ही तिने कधीच सोडून दिलेला नंबर शोधत बसता.

खरी ओळख म्हणजे चॅसिस नंबर, म्हणजे कारखान्यात गाडीच्या सांगाड्याला दिलेला क्रमांक. तो घरातच सापडतो, फक्त लोक 'गाडीची फाइल' शोधतात आणि ती नाही म्हणून सोडून देतात. फाइल गाडीबरोबर गेलेली असते. उरतात ते इतरत्र पडलेले कागद: विम्याची जुनी पॉलिसी (ती बऱ्याचदा आयुर्विम्याच्या कागदांत असते), कर्जाचा करार, पहिल्या खरेदीचं बिल, सर्व्हिस बुक, अपघाताच्या दाव्याचा पत्रव्यवहार, कर भरल्याच्या पावत्या. डायऱ्यांच्या शेवटच्या पानांवर वाहनाची माहिती भरायला जागा असायची, तीही बघा. गॅरेजच्या बिलांवर पार्ट मागवण्यासाठी चॅसिस नंबर लिहून ठेवलेला असतो, म्हणून एकही बिल फेकू नका. माझं मत विचाराल तर पहिला महिना एकाही माणसाला काही विचारू नये. फक्त कपाटं, ट्रंका आणि फोटोंचे डबे.

फोटो बघताना प्रिंटवर थांबू नका, निगेटिव्ह शोधा. छापताना चौकटीच्या कडा थोड्या कापल्या जातात आणि नेमकी त्या कडेलाच अर्धी प्लेट असू शकते. प्रिंट ६०० डीपीआयला (स्कॅनची बारकाई मोजायचं एकक) स्कॅन केलं तरी पुरतं. ३५ मिमीच्या निगेटिव्हला निदान २४००, जमल्यास ३२०० डीपीआय हवं. निगेटिव्ह किंवा स्लाइड उलटी ठेवली गेली तर स्टिअरिंग चुकीच्या बाजूला दिसतं आणि आकडे आरशातल्यासारखे येतात, तेव्हा आधी फोटोतली दुकानाची पाटी नाहीतर मनगटावरचं घड्याळ पाहून बाजू नक्की करा. अस्पष्ट आकडा अंदाजाने भरू नका. ३ की ८, ५ की ६, असं जिथे वाटतं तिथे सगळे पर्याय लिहून काढा. दोन जागा संशयास्पद आणि प्रत्येकी तीन पर्याय, म्हणजे एकूण नऊच नंबर होतात. नऊ नंबर तपासणं एका दुपारचं काम आहे. चुकीच्या एका नंबरामागे लागलात तर वर्ष जातं.

इंजिन नंबरलाच चॅसिस नंबर समजणं

ही चूक इतकी सर्रास होते आणि इतकी महागात पडते की ती नीट समजून घ्यायलाच हवी.

एका कुटुंबाकडे आजोबांच्या फोक्सवागन बीटलचा नंबर होता, जुन्या विम्याच्या कागदावर हाताने लिहिलेला. सुरुवातीला 'एच' आणि पुढे आकडे. घरच्यांनी तोच चॅसिस नंबर धरला आणि शोध सुरू केला. दीड-दोन वर्षांनी खरोखरच त्या नंबराची नोंद सापडली. रंग जवळपास तोच, मालक विकायला तयार. फोनवर सगळे रडले, आगाऊ रक्कमही ठरली. पैसे द्यायच्या आधी कुणीतरी मागची सीट उचलायला सांगितली. बीटलचा चॅसिस नंबर तिथे, गाडीच्या तळाशी मधोमध असलेल्या बोगद्यासारख्या उंचवट्याच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. तो निघाला ११८ ने सुरू होणारा.

आता हा नंबर वाचायचा कसा ते पाहा. १९६५ च्या मॉडेलपासून बीटलचा चॅसिस नंबर नऊ आकडी झाला. पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार आणि तिसरा मॉडेल-वर्षाचा. १९७० पासून तो दहा आकडी झाला. ११८ म्हणजे १९६८ चं मॉडेल. फोक्सवागनचं मॉडेल-वर्ष ऑगस्टमध्ये सुरू व्हायचं, म्हणजे ती गाडी ऑगस्ट १९६७ च्या आधी बनलेलीच नव्हती. आजोबांच्या खरेदीची पावती मार्च १९६७ ची. ती गाडी त्यांची असणं शक्यच नव्हतं.

त्यांचं होतं ते फक्त इंजिन. बीटलच्या त्या काळातल्या इंजिन नंबरांच्या आधी अक्षर असतं: १२०० सीसीला 'डी', १३०० ला 'एफ', १५०० ला 'एच'. एअर-कूल्ड इंजिन चार बोल्ट काढले की खाली उतरतं, आणि गॅरेजवाले ते सर्रास एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकत. आजोबांची गाडी कुठेतरी दुसरं इंजिन घालून पुढे गेली होती, किंवा भंगारात गेली होती. शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागला, आणि या वेळी खरेदीच्या बिलावरून, जे सगळा वेळ त्याच घरात होतं.

म्हणून कागदावरचा कुठलाही नंबर हाती आला की आधी ठरवा, हा कशाचा नंबर आहे. चॅसिस, इंजिन, बॉडी, गिअरबॉक्स, सगळ्यांचे वेगळे असतात, आणि लिहिणाऱ्या कारकुनाने ते रकाने उलटसुलट भरलेले असतात. त्या मॉडेलची नंबररचना शिकून घ्या. फोर्ड मस्टँगचा १९६० च्या दशकातला नंबर अकरा अक्षर-अंकांचा: पहिला आकडा वर्ष, मग कारखान्याचं अक्षर, दोन आकडे बॉडीचे, एक अक्षर इंजिनाचं, आणि शेवटचे सहा क्रमांकाचे. एवढं माहीत असलं तर अर्धवट वाचता येणाऱ्या नंबरातूनही चुकीच्या गाड्या बाद करता येतात.

आणि जुन्या गाडीसाठी आजच्यासारखा सतरा अक्षरांचा चॅसिस नंबर शोधत बसू नका. ती पद्धत अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. नंबर टाकला की गाडीचा इतिहास दाखवणाऱ्या सशुल्क सेवा याच सतरा अक्षरांवर चालतात. १९६० च्या गाडीसाठी तिथे पैसे भरणं म्हणजे पैसे पाण्यात. सतरा अक्षरी नंबरात 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही अक्षरं कधीच नसतात. तुमच्या वाचनात ती आली तर ते १ किंवा ० आहेत.

'नोंद सापडली नाही' म्हणजे 'गाडी गेली' असं मानणं

ब्रिटनमधल्या गाड्यांची जुनी नोंदणी १९०४ पासून स्थानिक कौन्सिलांच्या वह्यांत होती. संगणकीकरणाच्या वेळी, १९८३ पर्यंत ज्यांनी नवी नोंद केली नाही त्यांचे नंबर यंत्रणेतून गळले. वह्यांपैकी बऱ्याच नष्ट झाल्या, काही काउंटीच्या अभिलेखागारांत आणि किटहेड ट्रस्टसारख्या संस्थेकडे आहेत. गोठ्यात तीस वर्षं उभी असलेली गाडी ऑनलाइन दिसणारच नाही. शिवाय चाळीस वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात असलेल्या गाड्यांना तिथे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही, त्यामुळे तपासणीचा इतिहास कोरा दिसला म्हणून निराश होऊ नका.

इटलीत गोष्ट सोपी आहे. तिथल्या सार्वजनिक वाहन नोंदवहीतून प्लेटच्या नंबरावरून मालकांची साखळी दाखवणारा उतारा मिळतो. अमेरिकेत उलट: १९९४ च्या कायद्यामुळे वाहन खातं मालकाचं नाव-पत्ता तुम्हाला देणार नाही. तिथे हट्ट करू नका, त्या मॉडेलच्या क्लबला गाठा. क्लबच्या नोंदवहीत गाडी असली तर ते पत्ता देत नाहीत, पण तुमचं पत्र मालकापर्यंत पोचवतात. तेवढं पुरतं.

काही छोट्या चुका

खरेदीचं साल आणि मॉडेलचं साल एकच धरू नका. वर बीटलचं उदाहरण आलंच.

घरच्यांच्या आठवणीतल्या रंगावर विसंबू नका. 'ती निळी होती' हे त्यांनी शेवटी पाहिलेल्या रंगाबद्दल असतं, आणि गाडी त्याआधी दोनदा रंगलेली असू शकते.

कारखान्याच्या दाखल्यातून मालकांची नावं मिळतील अशी आशा धरू नका. गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळणाऱ्या हेरिटेज दाखल्यात उत्पादनाची तारीख, मूळ रंग, इंजिन नंबर, गाडी कुठे पाठवली, हे मिळतं. नाव नाही. तरी तो घ्या, कारण पडताळणीला तोच उपयोगी पडतो.

जपून ठेवलेली किल्ली दाराला लागली म्हणजे गाडी आपलीच, असं समजू नका. त्या काळी एकाच किल्लीने त्याच मॉडेलच्या कितीतरी गाड्या उघडायच्या.

पूर्ण चॅसिस नंबर जाहीर करू नका. शेवटचे तीन आकडे झाका. तुमच्या भावनेचा अंदाज आलेला माणूस तो नंबर कोरलेली पट्टी बनवून आणू शकतो, आणि समोरून आलेला मालक खरा की नाही हे तपासायला तुमच्याकडे काहीतरी राखून ठेवलेलं हवं.

मालक सापडल्यावर घाई करणं

इतकी मेहनत करून शोध इथे येऊन फसतो, आणि केवळ अधीरपणामुळे. मालकाचा पत्ता लागला की लोक थेट दारात जाऊन उभे राहतात, किंवा पहिल्याच फोनवर 'ही आमची गाडी आहे, किती घ्याल?' असं विचारतात. त्याच्या बाजूने विचार करा. त्याने पैसे मोजून घेतलेली, वीस वर्षं सांभाळलेली गाडी कुणीतरी 'आमची' म्हणतंय. त्याला वाटतं मालकीचा वाद येतोय. तो फोन ठेवतो आणि नंतर कधीच उचलत नाही.

मी पत्रच लिहायला सांगतो. हाताने, एक पान. त्यात गाडी कुटुंबात कधी ते कधी होती, कुणाची होती, आणि तिच्यावर कसलाही हक्क सांगायचा नाही हे पहिल्या चार ओळींत. सोबत तेव्हाच्या दोन फोटोंच्या प्रती आणि उत्तरासाठी पत्ता लिहिलेलं पाकीट. विकत घेण्याचा विषय अजिबात नाही. सहा आठवडे थांबा, एकदा आठवण करा, मग सोडून द्या. जुन्या गाडीच्या मालकाला तिचे तरुणपणीचे फोटो मिळणं ही मोठी गोष्ट असते, आणि बहुतेक वेळा उत्तर त्या फोटोंमुळेच येतं.

भेट ठरली तर नंबर स्वतः पाहा, परवानगी घेऊन. नुसत्या रिव्हेट मारलेल्या पट्टीवर विश्वास नको. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत नंबर पट्टीवरच असतो आणि पट्टी एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर सहज जाते. रिव्हेट नवे चकचकीत दिसतात का, पट्टीखालचा रंग आजूबाजूशी जुळतो का, ते बघा. बॉडी नंबर आणि इंजिन नंबर दाखल्याशी ताडून पाहा. ठोकलेला नंबर गंजाने बुजला असेल तर सॅंडपेपर किंवा ग्राइंडर कदापि लावू नका, मूळ खूणच घासून जाते आणि पुढे कुठलाही तपासनीस त्या नंबरावर विश्वास ठेवत नाही. पातळ रॉकेलचा बोळा फिरवून मळ भिजू द्या, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, पातळ कागद ठेवून ४बी किंवा ६बी पेन्सिल आडवी घासा. टॉर्च समोरून नाही, अगदी कडेने पत्र्याला समांतर धरा. समोरून न दिसणारे आकडे त्या तिरक्या उजेडात सावल्यांसारखे वर येतात. आकड्यांमधलं अंतर आणि खोली सारखी आहे का तेही तिथेच कळतं. एखादाच आकडा खोल किंवा तिरका असेल, भोवती वेल्डिंगची शिवण असेल, तर तो पत्रा दुसऱ्या गाडीचा असू शकतो.

मालकाशी सूर जुळला तर त्यालाच एक विनंती करा. ब्रिटनमध्ये सध्याचा मालक व्ही ८८८ हा अर्ज भरून डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याकडून आपल्या गाडीची माहिती मागू शकतो; आधीच्या मालकांची नावं-पत्ते त्यात मिळतीलच असं नाही. तरी तुम्हाला जे मिळणार नाही ते त्याला मिळू शकतं, आणि त्यात आजोबांचं नाव दिसलं तर नंबर जुळवण्याचं काम तिथेच संपतं.