पाटीच्या आधी कान: पहिलीतल्या मुलांना वाचायला शिकवताना

आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, आणि नेमकी तेव्हाच पेरणीची धांदल असते. आईबाप वावरात, पहिलीतलं पोर घरी आजीजवळ नाहीतर मोठ्या बहिणीजवळ. हा लेख त्या आजीसाठी, बहिणीसाठी आणि संध्याकाळी ओसरीवर चार पोरं घेऊन बसणाऱ्यांसाठी आहे. रोज पंधरा मिनिटं पुरतात.

पहिले दोन आठवडे पाटी काढूच नका. भिंतीवरचा ‘अ अननसाचा, ऐ ऐरणीचा’ हा तक्ताही राहू द्या बाजूला. अननस आमच्या पोरांनी चित्रातच पाहिलेला असतो, आणि ऐरण तर शिकवणाऱ्यांपैकीही कितीजणांनी पाहिली असेल कोण जाणे!

आधी टाळ्या. शब्द बोलायचा आणि तुकड्या-तुकड्याला टाळी द्यायची. बंडी: दोन टाळ्या. पराटी (कपाशीचं झाड): तीन. सोयाबीन: तीन. कापूस: दोनच, का-पूस. लिहिताना कापूसमध्ये अक्षरं तीन, पण बोलताना तुकडे दोन. ही गंमत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग पहिला आवाज धरायला लावा. ‘वखर, वासरू, डवरा. यातला वेगळा कोण?’ हे जमलं की आवाज काढून टाकायचा खेळ. पराटीतला ‘प’ पराटीच्याच ढिगात फेकून दिला, काय उरलं? ‘राटी!’ पोरं खिदळतात. खिदळू द्या.

क-ख, ट-ठ यांतला फरक कानाला पटकन कळत नाही. घरात कापूस असतोच. बोंडातला चिमूटभर पिंजून तळहातावर घ्या आणि तोंडासमोर धरून ‘क’ म्हणा. तो जेमतेम हलतो. आता ‘ख’ म्हणा. उडतो. याच्याइतकं स्वस्त आणि पक्कं साधन मला दुसरं सापडलं नाही.

मग अक्षरं, पण ओळीने नाही. क, ख, ग, घ अशी वाट धरली तर महिनाभर एकही शब्द हाती लागत नाही. क, म, ल ही तीनच घ्या: कमल, कलम, मलम. तीन अक्षरांत तीन शब्द. त्यांना काना द्या आणि ‘न’ जोडा: काका, मामा, काम, माल, मका, कान, नाक. कान उलटा केला की नाक होतो, हे पोराला स्वतः सापडू द्या. म शिकवताना भ जवळ आणू नका. ब-व, घ-ध यांचंही तसंच. दिसायला सारखी अक्षरं निदान दोन आठवड्यांच्या अंतराने द्या.

वाचताना पोर ‘क... म... ल...’ असं सुटं सुटं म्हणतं आणि कमल काही होत नाही. कारण शेवटच्या ल मागे ते पूर्ण ‘अ’ लावतं. इथे टाळ्या आठवा. कमल बोलताना टाळ्या किती? दोन, क-मल. बोट अक्षरांखालून न उचलता सरकवत न्या, आवाज तुटू देऊ नका.

बाराखडी घोकून घेण्याची चूक मी स्वतः केली आहे. ‘क काना का, म काना मा’ पोरांनी सुरात पाठ केलं. मग पाटीवर ‘मामा’ लिहिलं, तर एकजण वाचतो: ‘म काना मा, म काना मा’. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी जे शिकवलं तेच त्याने वाचलं. तेव्हापासून मी काना दाखवते, त्याचं नाव घेत नाही.

पहिल्या वेलांटीला वेळ द्या. ‘दिवा’मध्ये ती डोळ्याला द च्या आधी दिसते, कानाला मात्र नंतर ऐकू येते. सुरुवातीला वेलांटी बोटाने झाकून ‘द’ म्हणवून घ्या, मग बोट काढा. च, ज यांचे दोन-दोन उच्चार (चाक आणि चिमणी) फार समजावू नका, पोर शब्द ओळखीचा असला की आपसूक बरोबर बोलतं. जोडाक्षरं दिवाळीनंतर.

आता आपल्या बोलीचं. डोळ्याचं चित्र दाखवलं तर पोरगी म्हणते, ‘मॅडम, हा त डोया हाय.’ शाळा शाया, केळी केयी, पाणी पानी. एकीला मी लागोपाठ तीनदा टोकलं, ‘डोया नाही, डोळा म्हण.’ त्यानंतर आठवडाभर तिने तोंड उघडलं नाही. तिचा कान शाबूत होता. तिच्या घरात जसं बोलतात तसंच तिला ऐकू येत होतं. बोलताना डोया चालू द्या. फक्त पाटीवर ळ दाखवून सांगा, ‘पुस्तकात हा असा लिहितात, असा म्हणतात.’

पण ‘केळी’चं कार्ड पाहून पोर ‘केयी’ म्हणालं, तर ते अक्षर वाचतंय की चित्र पाहून ओळखतंय? तपासायला अर्थ नसलेला शब्द लिहा. मी त्याच मुलीसमोर पाटीवर ‘नेळू’ लिहिलं. तिने बोट सरकवलं, थांबली, पुन्हा सरकवलं आणि स्वच्छ वाचलं, ‘नेळू’. ळ सकट. मग माझ्याकडे पाहिलं.

‘नेळू म्हंजे काय, मॅडम?’

‘काहीच नाही.’

‘मंग लिवलं कायले?’